टाचेवरची माशी

३ सप्टेंबर

निवडणुकीला उभं राहावं असं मला वाटलं, की सरांनी म्हटल्यावर मला तसं वाटलं? आईनं फोनवर सहज विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. "दोन्ही," म्हणून मी वेळ मारून नेली. आई म्हणाली, "दोन्ही कसं असेल? भूक आधी लागते, मग माणूस जेवायला बसतं." अजूनही उत्तर सापडलेलं नाही. म्हणून ही वही काढली.

घोड्यांच्या डॉक्टरांची आमची संघटना. तिच्या कार्यकारिणीत एक जागा आहे, आणि आज अर्ज भरून झाल्यावर उमेदवार तीन. एक विद्यमान सदस्य. ते बारा महिने नालेच्या आकाराची टायपिन लावतात, त्यामुळे त्यांना सगळे टायपिनच म्हणतात. दुसऱ्या जीपवाल्या बाई. पन्नाशीच्या आहेत, दवाखाना नाही, जीपमध्येच सगळं सामान. मागच्या वेळी थोडक्यात पडल्या. आणि तिसरी मी. दीड वर्षाचा अनुभव, त्यातला अर्धा घोड्यांच्या लाथा चुकवण्याचा.

सर म्हणाले, "नव्यांनी नाही उभं राहायचं तर कुणी?" अर्जावर सूचक म्हणून त्यांनी स्वतः सही केली. एवढ्या मोठ्या दवाखान्याचा मालक आपल्या हाताखालच्या मुलीसाठी हे करतो. माझ्यावर असा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता.

६ सप्टेंबर

आज जाहीरनामा लिहिला. मुद्दा एकच ठेवला: नव्या डॉक्टरला पहिली दोन वर्षं एकट्यानं कामावर पाठवू नये.

जुलैमध्ये त्या काळ्या घोड्यानं मला मांडीवर लाथ मारली तेव्हा तबेल्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पेंढ्यावर पडल्या पडल्या मला वाटलं, आत्ता मी ओरडले तर फक्त घोडे कान टवकारतील. नंतर मांडीवर खुराचा ठसा उमटला, अर्धचंद्रासारखा, आधी निळा, मग हिरवट. तो दाखवायलाही कुणी नव्हतं. तेव्हापासून हा मुद्दा डोक्यात आहे. म्हणजे उभं राहावं असं माझं मलाच वाटलं असणार.

बाईंचा मुद्दा वेगळा आहे: विकणाऱ्याच्या घोड्यांवर जो डॉक्टर उपचार करतो, त्यानं घेणाऱ्यासाठी तपासणी करू नये. मला पटतो. तो माझ्याही जाहीरनाम्यात घालू का, असं सरांना विचारलं. ते हसले. "वादाचं लचांड तू कशाला गळ्यात घेतेस? आणि म्हाताऱ्यांकडे जाऊ नकोस, त्यांचं मी बघतो. तू नव्या मुलांकडे जा, पोरींकडे जा. ते तुझं ऐकतील." रविवारी फिरायला दवाखान्याची गाडीही देतो म्हणाले.

९ सप्टेंबर

आज दिवसभर फोन. हे कुठं कबूल करणार नाही, पण वहीत करते: मला हे फोन आवडायला लागले आहेत. एरवी माझ्या फोनवर येतं ते म्हणजे "घोडीनं खाणं सोडलंय, लवकर या." आता मी कुणालाही फोन करू शकते. कारण आहे माझ्याकडे. आधी नाव सांगायचं, मग मुद्दा, आणि मग पलीकडची मुलगी आपण होऊन बोलायला लागते. एक जण तर अर्धा तास बोलली. तीही औषधांच्या कोठारावरच्याच खोलीत राहते, माझ्यासारखीच. तिनं आधी बाईंना मत द्यायचं ठरवलं होतं. माझं ऐकून म्हणाली, "नाही, आता तुलाच."

जवळपास सगळ्याच असं म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी घरी फोन केला. दादानं उचलला. तो सामान पोचवायची व्हॅन चालवतो आणि माझी टर उडवायची एकही संधी सोडत नाही. "काय गं, घोड्याचं कुठं दुखतंय ते तुला तो कानात सांगतो का?"

मी त्याला सांगितलं, टाचेच्या वर दोन्ही बाजूंना सुई देऊन खूर बधिर करतात. लंगडणारा घोडा सरळ चालायला लागला की समजायचं, दुखणं खुरातच आहे.

"म्हणजे लंगडा घोडा तासभर एकदम ठणठणीत?"

"तासभर, दीड तास."

"मग तेवढ्यात विकून टाकायचा की! आमच्यात करतात. इंजिनात जाड ऑइल ओतलं की दोन दिवस आवाज येत नाही."

मी चिडले. म्हटलं, "ते तुमच्या गाड्यांच्या धंद्यात. डॉक्टर असं करत नाहीत."

"राहिलं बाई," दादा म्हणाला. "आमच्या घरात घोडा म्हणजे बुद्धिबळातला. तो अडीच घरं चालतो, एवढंच आम्हाला ठाऊक."

१२ सप्टेंबर

आज एका तपकिरी घोडीची विक्रीआधीची तपासणी केली. घेणारी एक शिक्षिका आहे. मुलीला घोडेस्वारीचं वेड, म्हणून बरीच वर्षं साठवून घेते आहे. विकणारे मोठे तबेलेवाले, सरांचे जुने गिऱ्हाईक.

डोळे, हृदय, दात, सगळं उत्तम. मऊ मातीवर घोडी सुरेख दुडकली. मग मी तिला कडक फरशीवर डावीकडे गोल फिरवायला सांगितलं. तबेल्याचा मुकादम म्हणाला, "मॅडम, मातीवर बघितलंत की." मी म्हटलं, "फरशीवरही बघते." आणि तिथं दिसलं. डावा पुढचा पाय टेकताना दर वेळी मान वर उचलत होती. फार नाही, पण स्पष्ट.

सरांना फोन केला. ते जराही रागावले नाहीत. "नाल सैल असेल. कच्चं टिपण तसंच ठेव. परवा मी स्वतः येतो, दोघं मिळून बघू." दुसरं मत घ्यायची ही पद्धत मला आवडते. आपल्याला जे दिसतं तेच खरं, हा हट्ट चांगला नाही.

१४ सप्टेंबर

माझंच चुकलं होतं, आणि आनंद आहे.

सर माझ्याआधीच पोचले होते. घोडी बाहेर काढून ठेवलेली होती, अंगावर खरारा झालेला, पुढच्या पायाचे टाचेजवळचे केस ओले. नुकतेच पाय धुतले असावेत. तीच फरशी, तसाच डावा गोल. मान अगदी स्थिर. मी तीन वेळा फिरवून घेतलं. लंगडण्याचा मागमूस नाही.

"बघ," सर म्हणाले. "नाल बदलली की झालं. सही तूच कर. तपासणी तुझी, मान तुझा."

मी 'निर्दोष' लिहून सही केली. शिक्षिकेनं माझे दोन्ही हात धरले. तिची मुलगी घोडीच्या मानेला बिलगून उभी होती. घोडी कमालीची शांत होती. डाव्या टाचेवर एक माशी बसली होती, बराच वेळ, तरी तिनं पाय झटकला नाही. परवा हीच घोडी माश्यांनी हैराण होती. जनावराला आपलं माणूस कळतं ते असं.

१५ सप्टेंबर

पोटशूळाचे दोन घोडे. दोन्ही वाचले. सांगायला फोन उचलला आणि कुणाला करायचा ते सुचेना.

१८ सप्टेंबर

उमेदवारांचं चहापान. संघटनेचं सभागृह, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, बिस्किटं. सगळे घोळक्यात उभे होते आणि मी बशी हातात धरून कडेच्या खिडकीपाशी. आठवडाभर ज्यांच्याशी फोनवर बोलले त्या मुली आल्या नव्हत्या. त्यांना कामावरून कोण सोडणार?

टायपिन स्वतःहून माझ्याकडे आले. "तुझे आभार मानायचे होते," म्हणाले. "तू नसतीस तर यंदा मला पळावं लागलं असतं." आणि मोठ्यानं हसले. शेजारी उभे असलेले सरही हसले. विनोद मला कळला नाही, पण मीही हसले.

जाताना दाराशी बाई भेटल्या. बुटांना चिखल, पँटच्या खिशात खुराची सुरी.

"तुझा जाहीरनामा वाचला," म्हणाल्या.

"कसा वाटला?"

"शुद्धलेखन चांगलं आहे."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला. "मुद्दाही चांगला आहे गं. पंचवीस वर्षं एकटी फिरते, मला नको सांगूस. पण तुला कुणी विचारलं का, की यंदाच का?" आणि जीप सुरू करून गेल्या.

लोक त्यांना खडूस म्हणतात ते खोटं नाही. त्यांना माझा हेवा वाटत असेल का? असं लिहायला नको होतं. पण लिहिलं.

२१ सप्टेंबर

काय लिहू, कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी घोडेस्वारीच्या शाळेत एक लंगडणारं तट्टू बघायला गेले. टाचेच्या वर दोन सुया दिल्या, थोडा वेळ थांबले, मग पेनाचं टोक टाचेवर दाबलं. असंच तपासतात, बधिर झालं असेल तर जनावर पाय उचलत नाही. तट्टू ढिम्म उभं राहिलं. तेवढ्यात त्याच टाचेवर एक माशी येऊन बसली. शाळेच्या मालकीणबाई म्हणाल्या, "बघा, माशी बसली तरी कळत नाही बिचाऱ्याला."

मी पेन धरून तशीच बसून राहिले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी पाणी आणलं.

ओले केस. सुई देण्याआधी आपण टाच स्पिरिटनं पुसतो. मी रोज पुसते. रोज.

हे घोड्यांच्या डॉक्टरला दिसायला आठवडा लागतो? ज्याला घोडा बुद्धिबळातलाच ठाऊक, त्या दादाला फोनवर दिसलं. मला समोर उभं राहून दिसलं नाही. कारण मला माझं चुकलेलं हवं होतं.

२२ सप्टेंबर

सरांच्या खोलीत गेले. ते क्ष-किरणाचे फोटो उजेडाला धरून बघत होते. मी उभी राहूनच विचारलं, "सर, त्या दिवशी घोडीचा पाय बधिर केला होता का?"

त्यांनी फोटो खाली ठेवला नाही. "कशावरून?"

मी माशीचं सांगितलं.

"आणि पुरावा म्हणून काय आणणार? माशी?" आवाज अगदी मायेचा होता. "हे बघ, तुझी निवडणूक आलीय. घोडामैदान जवळ आलं असताना असलं काही डोक्यात घेऊ नये. कार्यकारिणीत गेलीस की मांड असले प्रश्न."

"मी निवडून येणार नाही, सर."

हे तोंडातून निघून गेलं. त्याआधी मी असा विचारसुद्धा केला नव्हता.

आता त्यांनी फोटो खाली ठेवला. "ते कुणालाच वाटत नाही," म्हणाले. "मग उभी कशाला राहिलीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

आणि मला आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. टायपिनचा विनोदही कळला. मी ज्या ज्या मुलीला फोन केला ती आधी बाईंची होती. म्हाताऱ्यांकडे मला जाऊ दिलं नाही, कारण ती टायपिनची मतं, ती फुटायला नको होती. बाई निवडून आल्या तर तो नियम येणार, आणि तो आला तर आमच्या दवाखान्याचं अर्धं काम जाणार. मी उमेदवार नव्हते. मी सुई होते.

२३ सप्टेंबर

शिक्षिकेच्या घरी गेले. घोडी घराजवळच्या एका शेडमध्ये ठेवली आहे. मुलगी मला बघून धावत आली. "डॉक्टरताई, ती ना, रस्त्यावर चालताना मान हलवते! आई म्हणते, खूश असते म्हणून."

मी घोडीला फरशीवर फिरवलं. मान वर, मान वर, मान वर.

मग शिक्षिकेला सगळं सांगितलं, मुलीसमोरच, कारण मुलगी तिथून हलेना. माझी सही चुकीची आहे हेही सांगितलं. त्यांनी वाकून घोडीच्या डाव्या टाचेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून मी घेतली हो. वाटलं, मुलगी आहे, नवी आहे, ही नाही फसवणार."

मी फसवलं नव्हतं. पण ते म्हणण्यात काही अर्थ नव्हता. तबेलेवाल्यांना घोडी परत घ्यायला लावायची तर आमच्या दवाखान्याबाहेरच्या डॉक्टरनं बघायला हवी. मी त्यांच्यासमोरच बाईंना फोन केला.

२४ सप्टेंबर

बाई सकाळीच आल्या. जीपमधून उतरता उतरता म्हणाल्या, "विरोधी उमेदवाराला बोलावणारी तू पहिलीच असशील." मग अर्धा तास माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, बोलल्या त्या घोडीशी. "चल गं बये. दाखव तुझं काय बिनसलंय ते. हां, हां, कळलं."

हात धुताना म्हणाल्या, "खुरातलं जुनं दुखणं आहे. लेखी देते. तूही दे, की तुझा दाखला चुकला. काय झालं असेल ते लिहू नकोस, काय दिसलं ते लिही. ओले केस, माशी, दोन्ही दिवसांच्या चाली. नोकरी जाईल, माहीत आहे ना?"

"हो."

"हं."

मी म्हटलं, "मी नाव मागे घेते."

"मुदत गेली. वरातीमागून घोडं." त्यांनी हात पँटला पुसले. "आणि माझ्यावर उपकार करायला जाऊ नकोस. मला तुझी मतं नकोत. घोडी लंगडी आहे हे कागदावर आलं, मला पुरे."

त्या जायला निघाल्या तेव्हा मला वाटलं, विचारावं, तुम्ही दुपारी कुठं जेवता? मी नाही विचारलं. जीप वळणापलीकडे गेली. मी लेखी दिलं, परत आले, राजीनामा सरांच्या टेबलावर ठेवला, त्यावर गाडीची किल्ली. खोली महिनाअखेरपर्यंत राहील.

२६ सप्टेंबर

काल आणि आज पुन्हा सगळ्यांना फोन केले. मतपत्रिकेवरचं नाव काढता येत नाही, पण बोलता तर येतं. "मला मत देऊ नका, बाईंना द्या." पहिल्याच फोनला पलीकडचा मुलगा म्हणाला, "ताई, असला प्रचार मी पहिल्यांदाच ऐकतोय."

काही जण हसले. दोघांनी मध्येच फोन ठेवला. एक जण चिडली: "आधी सांगायचं होतंस, मी इतरांना तुझ्यासाठी तयार केलं ना! आता कुठल्या तोंडानं सांगू?" बरोबर होतं तिचं. मी ऐकून घेतलं.

कोठारावरच्या खोलीत राहणाऱ्या त्या मुलीला मुद्दाम शेवटी केला. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे आता तू फोन करणार नाहीस?"

मी म्हटलं, "करेन की."

"कशासाठी?"

मला कारण सुचलं नाही. दोघीही तशाच फोन धरून होतो. तिच्याकडे पंखा घरघरत होता, माझ्याकडेही.

२८ सप्टेंबर

सभागृहात तीच टेबलं, तशाच पांढऱ्या चादरी. सर दूरवरून मान डोलावून पुढं गेले, जणू कुणा ओळखीच्या गिऱ्हाईकाकडे बघावं तसे. टायपिन आज हसले नाहीत. बाई पहिल्या रांगेत एकट्या बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी मागे बसले. माझ्याही दोन्ही बाजूंच्या रिकाम्या होत्या. मधल्या रांगा ओलांडून पुढं जावं, असं फार वाटलं. मग मतदानासाठी नावं पुकारायला लागले.

दुपारी मोजणी चालू झाल्यावर मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. घरी फोन लावला. आज कामाची सुट्टी घेऊन आई फोनपाशीच बसली होती.

"काय झालं?"

"अजून मोजतायत."

"घोडं कुठं पेंड खातंय मग?"

"मोजायला वेळ लागतो गं."

"तुला किती पडतील?"

"पडू नयेत, असा प्रयत्न केलाय."

मागून दादाचा आवाज आला, "पडली का गं?" आणि आईनं त्याला गप्प केलं. घरी काय काय सांगायचं, नोकरीचं कधी सांगायचं, हे मी वाटेत ठरवत आले होते. पण आई म्हणाली, "बरं, एवढं सांग. बाकीच्यांचं जाऊ दे. पण घरचं एक मत तरी? ते तरी तू स्वतःला दिलंस ना?"

"नाही," मी म्हटलं. "ते सकाळीच बाईंना देऊन आले."